स्विचचे उतरते दिवस: ठेवावा, विकावा, की नुसती हुरहूर लावून घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१७ मध्ये घेतलेला निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेमचा कन्सोल अजून धडधाकट चालतोय, पण स्विच २ आल्यापासून नवे मोठे गेम एकेक करून तिकडे निघालेत. नव्याची ओढ आहे, जुन्यावरून मन हलत नाही, आणि एका यंत्रापायी एवढं हळवं कशाला व्हायचं म्हणून स्वतःचाच थोडा रागही येतोय. वर व्यवहाराचा प्रश्न उरतोच, की हा ठेवायचा, विकायचा, की नव्याच्या बदल्यात देऊन मोकळं व्हायचं.

मी बरीच वर्षं कन्सोल दुरुस्त करतोय. दुरुस्तीला येणारं यंत्र बहुधा उतारवयातलंच असतं. हमी संपलेली असते, कंपनीचं लक्ष पुढच्या यंत्राकडे गेलेलं असतं आणि मालकाला ते टाकवत नसतं. त्यामुळे तुमची मनःस्थिती मला ओळखीची आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमची हुरहूर खरी आहे, फक्त ती भलत्या वस्तूला चिकटली आहे. जे यंत्र जाईल म्हणून तुम्ही कासावीस होताय, ते या सगळ्यात सर्वांत शेवटी जाणार आहे. त्याच्या कितीतरी आधी जे जाणार आहे त्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखही नाही.

कन्सोलचा शेवट एका तारखेला होत नसतो. कारखान्यात बनणं थांबतं ती एक तारीख. नवे गेम येणं थांबतं ती दुसरी. ऑनलाइन दुकान, सर्व्हर, कंपनीची दुरुस्ती, सुटे भाग यांच्या तारखा आणखी वेगळ्या, आणि त्यांच्यात कित्येकदा वर्षानुवर्षांचं अंतर. निन्टेन्डोचाच थ्रीडीएस घ्या. फेब्रुवारी २०११ मध्ये तो जपानमध्ये आला. सप्टेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं आणि सगळीकडे श्रद्धांजल्या सुरू झाल्या. पण त्याचं ई-शॉप त्यानंतरही अडीच वर्षं उघडं होतं. २७ मार्च २०२३ नंतर तिथे काही विकत घेता येईनासं झालं. ऑनलाइन खेळ बंद पडला तो ८ एप्रिल २०२४ ला. म्हणजे 'संपला' असं म्हटल्यानंतर साडेतीन वर्षं लोक त्यावर एकमेकांशी खेळतच होते. आणि आजही गेमचं कार्ड घातलं की तो पूर्वीसारखाच सुरू होतो.

फॅमिकॉमची गोष्ट तर याहून लांबलचक. जुलै १९८३ मध्ये आलेलं हे यंत्र सप्टेंबर २००३ पर्यंत बनत होतं आणि जपानमध्ये कंपनी ते २००७ पर्यंत दुरुस्त करून देत होती. उलट टोकाला सेगाचा ड्रीमकास्ट: नोव्हेंबर १९९८ मध्ये जन्म, ३१ जानेवारी २००१ ला बंद करत असल्याची घोषणा, मार्चअखेर उत्पादन थांबलं. जेमतेम सव्वादोन वर्षं. तरीही हौशी आणि छोटे निर्माते त्याच्यासाठी आजवर नवे गेम काढत आलेत. कंपनीने पाठ फिरवली म्हणून यंत्र संपतं असं नाही.

तुमच्या स्विचचं पाहिलं तर तो अजून पहिल्याच पायरीवर आहे. ५ जून २०२५ ला स्विच २ आला, पण त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आलेला 'पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए' आणि डिसेंबरमधला 'मेट्रॉइड प्राइम ४' हे दोन्ही जुन्या स्विचवरही निघाले. जगात १५ कोटींहून जास्त स्विच विकले गेलेत. एवढ्या गिऱ्हाइकांना एका फटक्यात वाऱ्यावर सोडणं कुठल्याच कंपनीला परवडणारं नाही. तेव्हा आज-उद्या काही बंद पडणार आहे या भीतीने घाईघाईत काही करू नका.

आता आनंदाची बाजू, कारण तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीने कन्सोलचा सर्वांत चांगला काळ हा त्याचा उतरता काळच असतो, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीच्या वर्षी गेम थोडे असतात आणि बनवणारेही चाचपडत असतात. यंत्र मात्र तेच राहतं; चिप बदलत नाही, मेमरी वाढत नाही. त्यामुळे त्याच मर्यादेत काय काय करता येईल हे निर्माते वर्षागणिक शिकत जातात आणि शेवटी शेवटी अशा गोष्टी काढून दाखवतात की पहिल्या वर्षी कोणी विश्वास ठेवला नसता. 'गॉड ऑफ वॉर २' प्लेस्टेशन २ वर आला तो मार्च २००७ मध्ये. तोवर प्लेस्टेशन ३ बाजारात येऊन काही महिने झाले होते. 'जीटीए ५' सप्टेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, त्यांचे वारसदार दोन महिन्यांवर असताना. आणि स्विचवरच पाहा: त्यातली एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ ही चिप मुळात २०१५ मध्ये जाहीर झालेली. सोबत ४ जीबी मेमरी, म्हणजे साध्या फोनइतकी. त्याच तुटपुंज्या सामानावर मे २०२३ मध्ये 'टिअर्स ऑफ द किंगडम' आला. त्यात लाकडी ओंडके, चाकं, पंखे हवे तसे जोडून गाडी बनवा, विमान बनवा, आणि प्रत्येक सांध्यावर पडणारा भार यंत्र हिशेबात धरतं. गेम बनवणाऱ्या लोकांनीही तो बघून तोंडात बोटं घातली होती.

दुसरं म्हणजे यादी पूर्ण होते. कुठला गेम खरोखर चांगला, कुठला नुसताच गाजला, कुठल्या गेममधले दोष अपडेटने निघून गेले, हे सगळं कळून चुकलेलं असतं. राहून गेलेले गेम शांतपणे खेळायची हीच वेळ. नव्या कन्सोलसाठी रांगा लावणाऱ्यांना हे सुख अजून सात-आठ वर्षं मिळणार नाही.

आता जे खरंच जातं त्याबद्दल.

मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० ला बंद झाली. पण 'हेलो २' खेळणाऱ्या काही जणांनी त्या दिवशी यंत्र बंदच केलं नाही. जोपर्यंत जोडणी तुटत नाही तोपर्यंत सर्व्हर त्यांना बाहेर काढत नव्हता, म्हणून ते रात्रंदिवस कन्सोल चालू ठेवून आत बसून राहिले. कोणाचं यंत्र तापून बंद पडलं, कोणाचं इंटरनेट गेलं, असे एकेक करत गळत गेले आणि मे महिन्यात शेवटचा माणूस बाहेर पडला. या लोकांकडे यंत्र होतं, गेमची डिस्क होती, एकट्याने खेळायची सगळी सोय होती. तरी जवळपास महिनाभर ते कशाला चिकटून बसले होते? बरोबरच्या माणसांना.

तुमच्या बाबतीतही गाठ इथेच आहे असं मला वाटतं. २०२० च्या मार्चमध्ये 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा स्वतःचं बेट वसवायचा गेम आला तेव्हा अर्धं जग घरात कोंडलेलं होतं आणि लोक एकमेकांच्या बेटांवर जाऊन वाढदिवस साजरे करत होते. तुमच्या मित्रयादीत त्या काळातली अशी नावं नक्की असतील जी आता वर्षानुवर्षं 'ऑफलाइन' दिसतात. जुना कन्सोल हातात घेतल्यावर जे भरून येतं त्यात प्लॅस्टिकचा वाटा थोडा आणि या नावांचा जास्त. म्हणून माझा पहिला सल्ला तांत्रिक नाहीच: यादीतल्या ज्यांच्याशी संबंध ठेवावासा वाटतो त्यांना आत्ताच गाठा आणि संपर्काचा दुसरा मार्ग घेऊन ठेवा. फक्त कन्सोलच्या सेवेवर टिकलेली ओळख त्या सेवेबरोबर जाते. वी यू (स्विचच्या आधीचा निन्टेन्डोचा कन्सोल) आणि थ्रीडीएसवर मीव्हर्स नावाचं छोटं ऑनलाइन गाव वसलं होतं, लोक हाताने चित्रं काढून एकमेकांना पाठवत. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते बंद झालं आणि कित्येकांचे धागे तिथेच तुटले.

काही गेमही असेच पुसले जातात. स्विचवर 'सुपर मारिओ ब्रदर्स ३५' नावाचा ऑनलाइन गेम होता, पस्तीस जण एकाच वेळी खेळायचे. ३१ मार्च २०२१ ला कंपनीने तो बंद केला. स्विच तेव्हा ऐन भरात होता. म्हणजे हा शेवट कन्सोल म्हातारा व्हायची वाटही बघत नाही. तुमचे आवडते गेम कोणते ते बघा आणि त्यातले फक्त ऑनलाइन चालणारे वेगळे काढा. घाई करायची तर त्यांच्यासाठी करा. एकट्याने खेळायचा कार्डवरचा गेम दहा वर्षांनीही थांबेल.

दुकान बंद होण्याबद्दल राग येतो तो योग्यच आहे, हेही सांगतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत. ग्रंथालयांना असे गेम संशोधकांसाठी दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देता यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. पण ओरडण्याचा उपयोग होतो याचंही उदाहरण आहे. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३, पीएसपी आणि व्हिटाची ऑनलाइन दुकानं बंद करायचं जाहीर केलं. लोक इतके खवळले की एप्रिलमध्ये कंपनीने पीएस३ आणि व्हिटापुरता निर्णय मागे घेतला.

आता डेटा. इथे लोक नेहमी फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्विचच्या कार्डावर फक्त गेम असतो. तुम्ही शेकडो तास घालवून केलेली प्रगती कन्सोलच्या आतल्या मेमरीत असते, आणि ती मायक्रोएसडी कार्डावर हलवता येत नाही. कार्ड जपलं, कन्सोल विकला, असं केलं तर पुस्तक राहील आणि तुम्ही समासात लिहिलेलं सगळं जाईल. शिवाय सेव्ह फाइल त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद केलेली असते. त्यामुळे बोर्ड मेल्यावर 'मेमरीची चिप काढून दुसऱ्या स्विचमध्ये बसवा ना' असं कोणी म्हटलं तर मला हात वर करावे लागतात. चिप बसेल, दुसरं यंत्र ती वाचणार नाही.

क्लाउडमध्ये प्रत ठेवायची सोय स्विच ऑनलाइनची वर्गणी भरणाऱ्यांना आहे, पण सगळ्या गेमना नाही. 'स्प्लॅटून २' तिच्यात बसत नाही. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'चं बेट कन्सोलला बांधलेलं असतं आणि ते हलवायला स्वतंत्र 'आयलंड ट्रान्सफर टूल' वापरावं लागतं. नुसतं खातं नव्या यंत्रावर उघडलं म्हणून बेट मागोमाग येत नाही. वर्गणी संपल्यावर क्लाउडमधला डेटा कायम राहत नाही. निन्टेन्डो १८० दिवसांच्या मुदतीत परत वर्गणी भरली तर तो मिळेल असं सांगते. म्हणून वर्षभर वर्गणी बंद ठेवून 'माझं सगळं क्लाउडमध्ये आहे' असं समजू नका. फोटो आणि व्हिडिओ मात्र साध्या यूएसबी केबलने संगणकावर उतरवता येतात. ते आजच उतरवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि क्रम पाळा. नव्या यंत्रावर सगळं न्या, प्रत्येक महत्त्वाचा गेम तिथे सुरू करून तुमची प्रगती दिसते का ते डोळ्यांनी बघा, आणि मगच जुना पुसा. यादीत नाव दिसलं म्हणजे आत डेटा आहे असं गृहीत धरू नका.

स्विच २ वर जुने गेम चालतात मग जुन्या यंत्राची गरजच काय, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक चालतात, हे खरं. पण काही गोष्टी त्या जुन्या शरीराशीच जोडलेल्या आहेत. पहिल्या स्विचच्या उजव्या जॉय-कॉनच्या, म्हणजे बाजूला अडकवायच्या कंट्रोलरच्या, तळाशी इन्फ्रारेड कॅमेरा आहे. नव्या जॉय-कॉनमध्ये तो नाही. पुठ्ठ्याचे निन्टेन्डो लॅबो संच तो कॅमेरा आणि जुन्या यंत्राचा आकार गृहीत धरून कापलेले आहेत. 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' या व्यायामाच्या गेमच्या रिंगमध्येही जुनेच जॉय-कॉन बसतात. जुने जॉय-कॉन नव्या कन्सोलला वायरलेस जोडता येतात, पण त्याच्या बाजूंना अडकवता येत नाहीत, म्हणजे त्यावर चार्जही होत नाहीत. तेव्हा कन्सोल विकलात तरी जॉय-कॉन आणि ते चार्ज करायची काहीतरी सोय मागे ठेवा. बदल्यात सगळंच्या सगळं देऊन आल्यावर हे लक्षात आलं तर उपयोग नाही.

आता यंत्राच्या प्रकृतीकडे. तुमच्या स्विचमधली बॅटरी ४,३१० मिलीअँपिअर-तासांची आहे आणि निन्टेन्डोच्या मते साधारण ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते. २०१७ च्या यंत्राने हा टप्पा ओलांडला असण्याची दाट शक्यता आहे. त्याने बिघडत काहीच नाही, खेळ थोडा लवकर आटोपतो इतकंच. काळजी करायची ती फुगण्याची. पाठीमागचं झाकण कडेने उचललेलं दिसलं, स्क्रीन मध्येच वर आल्यासारखी वाटली, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगू लागलं, तर चार्जिंग लगेच थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. ती गोंदाने चिकटवलेली असते, पण बदलता येते. फक्त स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. भोक पडलेली लिथियम बॅटरी पेट घेते.

कपाटात ठेवून देणार असाल तर अर्धवट चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून नाही आणि रिकामी तर अजिबात नाही. किमान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करायला कंपनीच सांगते. मी तर म्हणेन तेव्हा अर्धा तास खेळाही. आतली फ्लॅश मेमरी सूक्ष्म विद्युतभारावर माहिती धरून ठेवते आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. कपाटात जपून ठेवलेली यंत्रं वापरातल्या यंत्रांपेक्षा वाईट अवस्थेत येताना मी बघत आलोय. याचा सर्वांत कुप्रसिद्ध नमुना मूळ एक्सबॉक्सचा. त्यात घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक कपॅसिटर होता. वय झालं की त्यातून द्रव झिरपतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. यंत्र बंद असलं तरी हे चालूच राहतं. जुने एक्सबॉक्स सांभाळणारे लोक हातात यंत्र आलं की आधी तो कपॅसिटर काढून टाकतात. स्विचमध्ये असं काही नाही, पण पडून राहिलं म्हणजे सुरक्षित राहिलं हा समज डोक्यातून जावा म्हणून सांगितलं.

जॉय-कॉनची स्टिक, म्हणजे अंगठ्याने ढकलायची दांडी, आपोआप सरकण्याचा त्रास सर्वश्रुत आहे. जून २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर त्याबद्दल माफीही मागितली होती. कारण साधं आहे. स्टिकच्या आत कार्बनचा पातळ थर असलेल्या पट्ट्या असतात आणि त्यांवरून धातूची बारीक पाती घासत फिरतात. थर झिजला, भुकटी साचली, की स्टिक मध्यावर असूनही यंत्राला ती ढकलल्यासारखी वाटते. फुंकर मारून किंवा स्प्रे मारून चार दिवस बरं वाटतं. खरा उपाय स्टिक बदलण्याचा, आणि ते काम शिकण्यासारखं आहे: तीन पाकळ्यांचा स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा आणि संयम लागतो. त्यातल्या रिबन केबल नखाएवढ्या असतात, तिथे जोर लावायचा नाही. चुंबकावर चालणाऱ्या, घासणारा भागच नसलेल्या हॉल इफेक्ट स्टिकही मिळतात; बदलायच्याच तर त्या बसवा. गंमत अशी की स्विच २ च्या जॉय-कॉनमध्ये हॉल इफेक्ट स्टिक नाहीत, हे निन्टेन्डोनेच २०२५ मध्ये स्पष्ट केलं. नव्याच्या प्रेमात पडताना एवढं लक्षात असू द्या.

बाकी पंख्यातली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, सैल झालेलं चार्जिंगचं तोंड ही नेहमीची कामं आहेत. डॉक (कन्सोल टीव्हीला जोडायचा स्टँड) किंवा चार्जर भलत्याच बनावटीचा वापरू नका. वीज किती घ्यायची हे ठरवणारी एम९२टी३६ नावाची एक छोटी चिप आत असते आणि चुकीच्या पुरवठ्याने तीच आधी जळते. दुरुस्ती होते, पण सूक्ष्मदर्शकाखालचं काम आहे, घरी करून बघण्यासारखं नाही. कार्डं धूळ-दमटपणापासून जपा. आणि लहान मुलं तोंडात घालतील या भीतीने जागू नका. कार्डांना मुद्दाम डिनाटोनियम बेंझोएट नावाचं भयंकर कडू रसायन लावलेलं असतं. विश्वास नसेल तर चाटून बघा, पुन्हा नाही चाटणार.

तुम्हाला वाटणाऱ्या लाजेबद्दल एवढंच. जानेवारी २०१७ मध्ये वी यूचं उत्पादन थांबलं तेव्हा तो जेमतेम १ कोटी ३५ लाख विकला गेला होता आणि तो वापरणारे लोक असेच खट्टू झाले होते. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा त्याच्यासाठी निन्टेन्डोने काढलेला शेवटचा गेम. तो आला ३ मार्च २०१७ ला, म्हणजे ज्या दिवशी स्विच बाजारात आला त्याच दिवशी. एकाच गेमने एकाला निरोप दिला आणि दुसऱ्याचं स्वागत केलं. हातात धरायच्या स्क्रीनची कल्पना वी यूचीच, ती स्विचमध्ये मार्गी लागली. स्विचवर सर्वांत जास्त खपलेला 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'सुद्धा मुळात वी यूचाच गेम. आणि स्विचचं काम ज्यांच्या काळात सुरू झालं, मार्च २०१५ मध्ये 'एनएक्स' या सांकेतिक नावाने ज्यांनी त्याचा पहिला उच्चार केला, ते कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता त्याच वर्षी जुलैत गेले. त्यांना तो बाजारात आलेला बघायला मिळाला नाही. अशा वस्तूबद्दल थोडं हळवं झालात तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता निर्णय. तुमच्या जागी मी असतो तर ठेवला असता, आणि त्याचं कारण भावनेपलीकडचं आहे. २०१७ च्या स्विचच्या बूट रॉममध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक सुरक्षेची त्रुटी राहून गेली होती, ती एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झाली. ती चिपमध्येच कोरलेली असल्याने कुठल्याही अपडेटने बुजवता येत नाही. कंपनीने पुढच्या उत्पादनात ती दुरुस्त केली. त्यामुळे सुरुवातीची यंत्रं तंत्रात रस असलेल्या लोकांना हवी असतात. तुमच्याकडे तसलंच आहे. विकायचंच ठरलं तर हे माहीत असू द्या आणि कोणी 'जुनं मॉडेल आहे' म्हणून भाव पाडत असेल तर मान डोलवू नका.

विकणंही चुकीचं नाही. पैशांची गरज आहे, नव्यावर तुमचे सगळे गेम चालताहेत, लॅबो किंवा रिंग फिट तुमच्याकडे नाही, तर बिनदिक्कत विका. ते यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी ते नवंच असेल. मला खटकतो तो तिसरा प्रकार: विकवत नाही म्हणून ठेवायचं, आणि मग खोक्यात घालून विसरून जायचं. तीन वर्षांनी खोकं उघडल्यावर पूर्ण उतरलेली किंवा फुगलेली बॅटरी बघायची असेल तर तुमची मर्जी. वर्षातून दोनदा चार्ज करण्याइतका उत्साह टिकणार नाही असं वाटत असेल, तर आत्ताच देऊन टाकलेलं बरं.

दोन्ही ठेवणार असाल तर एक सोय वापरा. एप्रिल २०२५ च्या सिस्टिम अपडेटपासून डिजिटल गेम 'व्हर्च्युअल गेम कार्ड' म्हणून दोन यंत्रांमध्ये हलवता येतात. एका वेळी एकाच यंत्रावर, पण हवे तेव्हा इकडचे तिकडे. लॅबो, रिंग फिट आणि बेट जुन्यावर ठेवा, जड गेम नव्यावर न्या. जुना डॉकमध्ये टीव्हीला कायमचा लावून टाकलात तर थकलेल्या बॅटरीचा प्रश्नही फारसा जाणवणार नाही. फक्त कायम पूर्ण चार्जवर राहिल्याने ती फुगत तर नाही ना, हे अधूनमधून बाहेर काढून पाठीमागून बघत जा.